व्हिपेटचे पिल्लू घरी आणताना: पहिल्या वर्षाची तयारी

व्हिपेटचे पिल्लू घेऊन कोल्हापुरातल्या कोणत्याही गल्लीत उभे राहिले की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला, ‘कारवानी हाय काय?’ आणि दुसरा, जरा काळजीच्या सुरात, ‘खायला घालत न्हाईसा व्हय ह्याला?’ विचारणाऱ्यांचे यात काही चुकत नाही. निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि काटकुळे पाय ही ठेवण आपल्या भागाला जत आणि मुधोळकडच्या कारवानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिकारी कुत्र्यांमुळे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. मुधोळच्या कुत्र्यावर तर २००५ साली टपाल तिकीटही निघाले. व्हिपेट त्याच घडणीचा, नजरेने सावज हेरून पाठलाग करणारा, पण आकाराने लहान आणि मुळाचा उत्तर इंग्लंडचा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खाणकामगारांनी सशांच्या शिकारीसाठी आणि शर्यतींसाठी तो जोपासला. गल्लीच्या एका टोकाला मालकाने चिंधी हलवायची आणि दुसऱ्या टोकाकडून कुत्र्याने तिच्याकडे झेपावायचे, अशा त्या शर्यती असत. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साधारण ४७ ते ५१ सेंटिमीटर आणि मादी ४४ ते ४७ सेंटिमीटर भरते. कामगारांच्या लहानशा खोल्यांत माणसांच्या अंगाला अंग लावून राहिलेली ही जात असल्यामुळे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही ती सुखाने नांदते.

कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करण्याची परंपरा होती, हे इथल्या वाचकांना ठाऊक असेलच. चित्ता ज्या ढंगाने धावतो त्याच ढंगाने व्हिपेट धावतो: पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, आणि एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात. या धावेचा वेग तासाला पन्नास किलोमीटरच्या पुढे जातो. त्यासाठी शरीराने चरबी, जाड कातडी आणि दाट केस या तिन्ही गोष्टी सोडून दिलेल्या आहेत. थंडी, जखमा, औषधे आणि उघडे फाटक यांबद्दल पुढे जे काही लिहिले आहे, ते सगळे या एका गोष्टीतून येते, म्हणून ती आधी मनात पक्की करावी.

पिल्लू निवडण्यापूर्वी

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नये. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या केंद्रीय नियमांनीही त्याहून लहान पिल्लाच्या विक्रीला मनाई केलेली आहे, आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असणे बंधनकारक आहे. नियम बाजूला ठेवला तरी आई आणि भावंडांसोबतचे ते दिवस पिल्लाला चावा किती जोरात घ्यावा आणि कधी थांबावे हे शिकवतात, आणि ते शिक्षण नंतर माणसाला देता येत नाही.

आई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पिल्लू ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन महिन्यांचे व्हिपेटचे, कारवानीचे आणि दोघांच्या संकराचे पिल्लू यांत अनुभवी माणसाचीही फसगत होऊ शकते. आई समोर असली की आकार, स्वभाव आणि राहणीमान या तिन्हींचा उलगडा होतो. ती अनोळखी माणसाला पाहून कोपऱ्यात थरथरत असेल, तर पिल्लांची किंमत कितीही कमी असली तरी परत फिरावे. आईबापांच्या हृदयाची तपासणी झाली आहे का, जंताचे औषध आणि पहिली लस कोणत्या तारखेला दिली, सध्या काय खाऊ घालता, एवढे विचारून घ्यावे आणि लसीचे कार्ड ताब्यात घ्यावे. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद मिळणार असतील तर त्यांवर आईबापांची नावे असतात, ती समोरच्या कुत्र्यांशी पडताळून पाहावीत.

ज्यांचे घर शेतात आहे, अंगण उघडे आहे आणि कुत्रे रात्री बाहेरच राहणार आहे, त्यांनी मात्र व्हिपेटचा विचार सोडून आपला कारवानीच पाळावा. तो या मातीत, या उन्हात आणि या काट्यांत वाढलेला आहे. व्हिपेट घरात, माणसांमध्ये राहणारे कुत्रे आहे. त्याला गोठ्याशेजारी बांधून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

घराची तयारी

सर्वांत आधी फाटक पाहावे. दोन महिन्यांचे पिल्लू गजांमधल्या चार इंचांच्या फटीतून सहज निसटते, म्हणून फाटकाच्या खालच्या दोन फुटांना बारीक जाळी किंवा पत्रा लावून घ्यावा, आणि जाळीची कापलेली टोके बाहेरच्या बाजूला वळवावीत. घरातल्या प्रत्येकाला, दूधवाल्याला आणि कामाच्या मावशींना, ‘आधी फाटक लावायचे, मग बोलायचे’ ही सवय पिल्लू येण्याच्या आठवडाभर आधी लावावी. नंतर सांगितले तर तोवर एक दिवस उशीर झालेला असतो.

त्यानंतर फरशी. आपल्याकडची गुळगुळीत टाइल किंवा पॉलिश केलेली कोटा फरशी या पिल्लांच्या लांब, कोवळ्या पायांना घातक ठरते. ते धावते, वळते आणि मागचे पाय पसरून आपटते. पलंगावरून किंवा जिन्यावरून मारलेली उडी तर पुढच्या पायाचे हाड मोडायला पुरेशी ठरू शकते. पिल्लू जिथे खेळणार तिथे रबरी मॅट किंवा मागे रबर असलेली पायपुसणी एकमेकांना लागून अंथरावीत, जिन्याला आडवी फळी लावावी आणि पहिले काही महिने पलंगावर चढवणे-उतरवणे आपल्या हातांनी करावे. सोफ्यावर न घेण्याचा निश्चय बहुतेक घरांत फार दिवस टिकत नाही. त्यामुळे बुटकी पायरी किंवा उशी ठेवून चढउतार सोपी करून देणे अधिक शहाणपणाचे आहे.

झोपण्यासाठी बाजारातल्या महागड्या गादीची गरज नाही. आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची वाकळ याहून उत्तम अंथरूण मला सापडलेले नाही. मैना या आमच्या व्हिपेटसाठी आम्ही दुमडलेली एक वाकळ खाली आणि दुसरी सैल अशी वर ठेवतो. व्हिपेट नाकाने पांघरूण उचलून आत शिरतो, आत गोल फिरतो आणि शेवटी फक्त नाकाचे टोक बाहेर ठेवून निजतो. घोंगडे उबदार असले तरी त्याची लोकर विरळ केसांच्या पोटाला टोचते, म्हणून ते वापरायचेच असेल तर सुती कापडाखाली घालावे. वाकळेचा दोरा सुटला असेल तर आधी शिवून घ्यावा, कारण पिल्लू तो ओढून गिळते.

प्रवास आणि पहिली रात्र

चांगले पिल्लू बहुधा पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूकडून येते, म्हणजे महामार्गावरचा कित्येक तासांचा प्रवास आलाच. निघण्यापूर्वी दोन-तीन तास त्याला खायला देऊ नये, पाणी मात्र थोडे थोडे पाजावे. एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने मागे टॉवेल घेऊन बसावे. वाटेत उलटी होणार हे गृहीत धरावे. ढाब्यावर थांबल्यावर पिल्लाला जमिनीवर सोडू नये. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, आणि जिथे दिवसभरात अनेक कुत्री फिरून जातात तिथे लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाचे पाय टेकवणे हा मोठा धोका आहे. शू करण्यासाठी गाडीतच जुने वर्तमानपत्र पसरावे. पैदास करणाऱ्याकडून आईच्या वासाचे एखादे फडके मागून आणावे आणि ते प्रवासापासून पहिल्या रात्रीपर्यंत पिल्लाजवळ असू द्यावे.

घरी पोचल्यावर सगळी गल्ली पाहायला येते. त्या दिवशी नम्रपणे ‘परवा या’ असे सांगावे. पिल्लाला आधी त्याची शू करण्याची जागा, मग पाणी, मग अंथरूण दाखवावे आणि झोपू द्यावे. या वयाची पिल्ले दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात आणि लहान मुलांनी त्यांना झोपेतून उचलू नये, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा.

रात्री ते रडणार. अंधाऱ्या स्वयंपाकघरात कोंडून ‘रडून रडून गप्प बसेल’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. व्हिपेटच्या बाबतीत ती मला सर्वथा चुकीची वाटते. भावंडांच्या ढिगात उबेने झोपणाऱ्या जिवाला त्या रात्री एकटेपणा आणि थंडी एकदमच भेटतात. त्याची पेटी किंवा टोपली आपल्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला तर पोचेल अशी ठेवावी. मैना पहिल्या रात्री दोनच्या सुमारास उठली, तेव्हा मी दिवा न लावता फक्त बोटे टोपलीत सोडली. तिने त्यांवर हनुवटी टेकली आणि पाचपर्यंत हलली नाही. मध्ये उठून कुरकुरले तर शू करायला न्यावे, काही न बोलता परत आणून ठेवावे. आठ-दहा दिवसांत ही जाग कमी होते.

खाणे

पहिला आठवडा पैदास करणाऱ्याकडे जे खाणे चालू होते तेच द्यावे, आणि बदलायचे असेल तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदलावे. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यापुढे दोन वेळा असे भाग पाडावेत. पिल्लांसाठीचे तयार खाद्य सोपे पडते. घरचे द्यायचे असेल तर उकडलेले चिकन, अंडे, भात आणि भोपळा-गाजर चालतात, पण वाढत्या हाडांना लागणारा कॅल्शियमचा हिशेब एवढ्याने जुळत नाही, म्हणून प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

कोल्हापुरात कुत्र्याला प्रेमाने मारण्याचे दोन मार्ग आहेत, एक दूध आणि दुसरा रस्सा. गंगावेशीत समोर पिळलेले धारोष्ण दूध आपल्याला मानवते, म्हणून पिल्लालाही वाटीभर पाजले जाते, आणि दुसऱ्या दिवशी हगवण लागते. आईचे दूध सुटलेल्या अनेक पिल्लांना दुधातली साखर पचत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची गोष्ट याहून गंभीर आहे. त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने किंवा वाटल्याने हा दोष जात नाही. ‘फोडी बाजूला काढून नुसता भात कालवला’ हेही त्यामुळे चालत नाही. कांदा-लसूण चटणी लागलेले बोटही चाटू देऊ नये. शिजलेल्या मटणाची हाडे टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात. द्राक्षे, मनुके आणि चॉकलेट घरात उंचावर ठेवावे. मनुके लाडवांत आणि शिऱ्यात असतात हे पाहुण्यांना आठवण करून द्यावे.

राहिला बारीकपणाचा प्रश्न. निरोगी व्हिपेटच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या पाहिजेत आणि कमरेची हाडे हाताला जाणवली पाहिजेत. शेजाऱ्यांच्या बोलण्याने वाटी वाढवत गेल्यास कोवळ्या सांध्यांवर नको तो भार पडतो. दर पंधरा दिवसांनी पिल्लाला कुशीत घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, आपले वजन वजा करावे आणि आकडा वहीत लिहावा. आकडा सातत्याने वाढत असेल, शी घट्ट होत असेल आणि अंगावर चकाकी असेल, तर बरगड्या दिसत असल्या तरी खाणे पुरेसे आहे. त्या दिसायच्या थांबल्या तर मात्र कमी करावे.

लसी, जंत आणि गोचीड

घरी आणल्यापासून दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. डिस्टेंपर, पार्व्हो आदींच्या एकत्रित लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात असतो आणि तो दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दिला जातो. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत साधारण दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. लसी पूर्ण होईपर्यंत रंकाळ्याच्या काठावर किंवा बागेत जमिनीवर सोडू नये. मात्र याच काळात, म्हणजे साधारण चौदा आठवड्यांपर्यंत, पिल्लाचे मन सर्वांत जास्त ग्रहण करत असते. म्हणून त्याला कडेवर घेऊन रोज वीस मिनिटे बाहेर न्यावे: रिक्षा, शाळेची घंटा, छत्री, म्हैस, टोपीवाले आजोबा, भाजीवालीची आरोळी, सगळे त्याने आपल्या कुशीच्या आधाराने एकदा पाहून-ऐकून घ्यावे.

गोचिडांचा त्रास पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो, आणि गोचिडांमुळे येणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. रोज संध्याकाळी कानांच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली बोटे फिरवून पाहावे. केस आखूड असल्याने मुगाच्या दाण्याएवढी गोचीडही हाताला लागते. घरात म्हैस असली की गोठ्यातले गोचिडांचे औषध कुत्र्यालाही लावण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. जनावरांसाठीच्या मात्रा कुत्र्याला विषारी ठरू शकतात, आणि व्हिपेटसारख्या बिनचरबीच्या अंगाला तर औषध वजनावरून मोजूनच द्यावे लागते.

हीच गोष्ट भुलीची. या घडणीच्या कुत्र्यांना काही भुलीची औषधे, विशेषतः थायोपेंटोनसारखी जुनी इंजेक्शने, शरीराबाहेर टाकायला फार वेळ लागतो आणि ती शुद्धीवर उशिरा येतात. टाके घालायचे असोत वा नसबंदी करायची असो, ‘हा ग्रेहाउंडच्या जातकुळीतला आहे, भूल त्याप्रमाणे द्या आणि अंग गरम ठेवा’ हे वाक्य मालकाने स्वतः बोलून दाखवावे आणि कार्डावर लाल शाईने लिहून ठेवावे. मैना सात महिन्यांची असताना कुंपणाच्या तारेने तिची मांडी वीतभर फाटली. रक्त फारसे आले नाही, पण कातडी जुन्या कापडासारखी उसवली होती. मी ओला रुमाल बांधून तिला दवाखान्यात नेले, आणि घाईत हे सांगायचे राहून गेले. टाके दहा मिनिटांत झाले, पण ती संध्याकाळपर्यंत नीट उभी राहू शकली नाही. त्या संध्याकाळी तिला वाकळेत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि तेव्हापासून भेटेल त्या व्हिपेटवाल्याला मी ही गोष्ट सर्वांत आधी सांगतो.

पावसात शी-शूची सवय

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यावे, काम झाले की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्यावा. हे तंत्र सर्व पिल्लांना सारखेच. व्हिपेटची अडचण वेगळी आहे: त्याला पाऊस अजिबात आवडत नाही. आपल्याकडे जूनपासून झड लागली की ते उंबऱ्यावर उभे राहून पंजा वर उचलते, आपल्याकडे पाहते आणि आत जाऊन सोफ्यामागे उरकते. त्यामुळे शक्य असेल तर पिल्लू दिवाळीनंतर आणावे, म्हणजे सवय कोरड्या दिवसांत लागते. पावसाळ्यातच आले असेल तर परड्यात किंवा गॅलरीत पत्र्याखाली एक कोरडा कोपरा ठरवून तिथे माती किंवा कृत्रिम हिरवळीचा तुकडा ठेवावा. घरात चूक झाली तर नाक घासू नये, मारू नये; ते फक्त लपून करायला शिकते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आणि पावसात अंगात सुती अस्तराचा कोट घालावा. चार-पाच महिन्यांत तो तोकडा होतो, म्हणून पहिला कोट जुन्या स्वेटरच्या बाहीचा शिवला तरी पुरे.

पट्टा, हाक आणि मोकळे सोडणे

व्हिपेटचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढताच डोक्यावरून निघून येतो. दीड-दोन इंच रुंद, ओढल्यावर मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा. अतिशय घाबरटाला त्यासोबत छातीचा पट्टाही लावावा आणि दोन्हींना दोर जोडावा. चालण्याचे प्रमाण सुरुवातीला, वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटे, एवढेच ठेवावे.

हाकेला येणे रोज शिकवावे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. मांजर, खार किंवा मुंगूस पळताना दिसले की या कुत्र्याला मालकाचा आवाज ऐकूच येत नाही, यात त्याच्या आज्ञाधारकपणाचा काही दोष नाही. रस्त्याजवळ, महामार्गालगतच्या शेतात, उसाच्या कडेला त्याला कधीही मोकळे सोडू नये. उसात शिरलेले कुत्रे दहा पावलांवर असले तरी दिसत नाही.

आणखी एका आवाजाची तयारी ठेवावी. पंजा दाराशी चेमटला, मधमाशी चावली किंवा नुसती भीती वाटली तरी व्हिपेट असा किंचाळतो की शेजारी धावत येतात. आपण घाबरून ओरडू नये. शांतपणे खाली बसावे, पाय, पोट, मान क्रमाने चाचपावी आणि चालवून पाहावे. बहुतेक वेळा मिनिटभरात ते शेपूट हलवू लागते. लंगडणे टिकले तर मात्र डॉक्टरांकडे न्यावे.

एकटे राहणे आणि मोठे आवाज

माणसांशिवाय राहणे या जातीला जड जाते. पहिल्या आठवड्यापासूनच पिल्लू झोपाळलेले असताना दोन मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे, मग पाच, मग दहा. जाताना निरोप घेऊ नये, येताना गाजावाजा करू नये. घरातले सगळे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री परतणारे असतील, तर व्हिपेट आणू नये, असे मला स्पष्टच म्हणावेसे वाटते.

गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी आणि दिवाळीचे फटाके यांची तयारी महिनाभर आधी करावी. ढोल-ताशाचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून त्याच वेळी जेवण द्यावे, आणि आवाज दिवसागणिक तिळातिळाने वाढवावा. विसर्जनाच्या दिवशी दुपारीच फिरवून आणावे, रस्त्यापासून सर्वांत लांबच्या खोलीत वाकळ अंथरावी, खिडक्या लावाव्यात आणि कोणीतरी एकाने त्याच्याजवळ थांबावे. भेदरलेले व्हिपेट उघड्या फाटकातून निघाले तर कोणी धावून त्याला गाठू शकत नाही.

पहिली धाव

पिल्लू आठ-दहा महिन्यांचे झाले, उंची जवळजवळ भरली आणि डॉक्टरांनी सांधे पाहून होकार दिला, की पहिल्या खऱ्या धावेची वेळ होते. चारही बाजूंनी भिंत असलेले मैदान निवडावे आणि आधी स्वतः पूर्ण फेरी मारून काचा, तारा आणि खड्डे पाहावेत. सकाळची वेळ घ्यावी, कारण उन्हात तापलेली जमीन तळवे भाजते. खाल्ल्यावर दोन तास झालेले असावेत. दहा मिनिटे दोरीने चालवून अंग मोकळे होऊ द्यावे, फाटकाची कडी दुसऱ्यांदा हाताने ओढून पाहावी आणि मग दोर सोडावा. ते तीन-चार फेऱ्या मारेल, पाठीची कमान दिसेल, आणि ज्या अंगाला वर्षभर लोक उपाशी म्हणत होते ते नेमके कशासाठी घडले आहे हे कळेल. दहा मिनिटांत ते आपण होऊन जवळ येते. लगेच पट्टा लावावा, हळूहळू चालवत धाप बसू द्यावी, पाणी घोटभर पाजावे, आणि घरी आल्यावर चारही पंजे पाण्याने धुऊन बोटांमध्ये काटा राहिला नाही ना ते पाहावे.